आईचं कोण करतं?



आजच्या पत्रिकेवर विषय छापला आहे ‘स्त्री-पुरुष समता आणि अनौपचारिक सेवाकार्याचे मूल्य’. विषय भारदस्त आहे. आम्ही तो जरा खाली उतरवून घेतो. कारण हे काम आपल्याकडे ज्या शब्दाने ओळखलं जातं, तो शब्द अगदी साधा आहे. दोन ओळखीच्या बायका बसस्थानकावर भेटतात. एक विचारते, ‘आईचं कोण करतं आता?’ दुसरी सांगते, ‘थोरली वहिनी करते.’ झालं, विषय संपला.

आता या वाक्याकडे बघा. ‘करणं’ हे सकर्मक क्रियापद. शाळेत शिकलोय आपण, त्याला कर्म लागतं. स्वयंपाक करते, अभ्यास करते, नोकरी करते. इथे मात्र ‘आईचं करते’. कोण करतं ते कळलं, कोणाचं ते कळलं, काय करतं हे वाक्यात नाहीच. आणि ते ‘काय’ बघायला गेलं तर भाकर दुधात कुस्करून भरवणं आहे, रात्री दोनदा उठून लघवीला नेणं आहे, गोळ्यांच्या वेळा आहेत, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून देणं आहे, आणि म्हातारीची तीच गोष्ट सातव्यांदा ऐकून घेणं आहे. हे सगळं एका क्रियापदाच्या पोटात गडप झालेलं असतं. आमची आजची तक्रार या गडप होण्याबद्दल आहे.

लोक म्हणतील, प्राध्यापकसाहेब, गडप कुठे झालं? आईची माया अमूल्य आहे, गृहिणीचं काम अनमोल आहे, असं आपण म्हणतोच की. प्रत्येक ८ मार्चला म्हणतो. आमचं म्हणणं असं, की काम बेहिशेबी ठेवायची युक्ती याच शब्दात आहे. अमूल्य म्हटलं की मोल विचारायचा प्रश्नच मिटतो. बाजारात एखादा दुकानदार वस्तू दाखवून ‘ही अमूल्य आहे’ म्हणाला, तर आपण तिथून निघतो. घरात मात्र तीच वस्तू रोज फुकट उचलून नेतो.

आपण परळीत बसलो आहोत, तेव्हा इथूनच सुरुवात करू. या गावचा देव वैद्यनाथ. म्हणजे वैद्यांचा नाथ. वैद्याला देवाच्या नावात जागा मिळाली. पण चरकसंहितेत, सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, रोगी आणि परिचारक. रोग्याजवळ बसणारं माणूस तिथे उपचाराचा चौथा हिस्सा आहे. इतकंच नाही, या परिचारकाच्या अंगी चार गुण हवेत असं चरक सांगतो. उपचाराचं ज्ञान, दक्षता म्हणजे हातातलं कसब, अनुराग म्हणजे रोग्याबद्दलची माया, आणि शौच म्हणजे स्वच्छता. चारांत माया एक आहे. बाकीचे तीन शिकावे लागतात, मेहनतीने अंगी बाणावे लागतात.

पुढे काय झालं? आपण त्या चारांतला एक गुण उचलला आणि तेवढाच बाईच्या नावावर लिहिला. तिला मायाच असते म्हणून ती करते, असं ठरलं. मग ज्ञान, कसब, स्वच्छता यांना नाव राहिलं नाही. आणि मायेचे पैसे कसे द्यायचे, हा प्रश्न उभा करून सगळ्याच कामाचे पैसे, सगळ्याच कामाची सुट्टी आणि सगळ्याच कामाची नोंद आपण टाळली. प्रेमाला किंमत नसते, हे वाक्य आम्हालाही पटतं. पण लकव्याच्या माणसाला खाटेवरून खुर्चीत घेताना आपली कंबर कशी सांभाळायची, हे प्रेमाने कळत नाही.

बरं, मोजणारे कोणी नव्हतेच का? होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. माणूस चोवीस तासांत काय काय करतो, हे घरोघरी जाऊन विचारलं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, आणि जे पुरुष हे काम करतात त्यांचा ९७ मिनिटं, असं निघालं. ‘जे पुरुष करतात’ हे शब्द नीट ऐका. करणारे पुरुष शंभरात साधारण २६ होते, बायका ८१. २०२४ साली पुन्हा सर्वेक्षण झालं. बायकांची मिनिटं २८९ झाली. थोडी कमी झाली, चांगलं आहे. पुरुषांची ८८ झाली. म्हणजे बायकांची जी दहा मिनिटं वाचली ती पुरुषांनी उचलली म्हणावं, तर तसंही नाही.

हे सर्वेक्षण व्हायलाच हवं होतं आणि ते मोठं काम आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण एक समीक्षक म्हणून त्याच्या फूटपट्टीकडेही बघावं लागतं. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे कप्पे पाडले आहेत. एका कप्प्यात जास्तीत जास्त तीन कामं, आणि तीही दहा मिनिटांच्या वरची. आता सांगा, म्हाताऱ्याला गोळी द्यायला किती मिनिटं लागतात? दोन. पण ती गोळी आठ वाजता द्यायची आहे हे सकाळपासून डोक्यात ठेवायला किती लागतात? बाजूच्या खोलीत लेकरू तापाने फणफणलेलं आहे आणि आई झोपली आहे, पण एक कान उघडा ठेवून. सर्वेक्षणाच्या वहीत ती झोपलेली आहे. आपल्या भाषेत याला ‘जाग असणं’ म्हणतात. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा धात्वर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. हा उघडा कान मिनिटांत मावत नाही.

फूटपट्टी अपुरी आहे, तर न्यायालयाचा तराजू बघू. न्यायालयाला गृहिणीच्या कामाची किंमत रुपयांत ठरवावीच लागते. पण कधी? ती मेल्यावर. जमशेदपूरला १९८९ च्या ३ मार्चला एका पोलाद कंपनीच्या संस्थापक दिनाच्या कार्यक्रमात आग लागली, अनेक बायका-मुलं दगावली. नुकसानभरपाई ठरवायचं काम माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे आलं. त्यांनी गृहिणीच्या सेवेची किंमत वर्षाला दहा-बारा हजार धरली होती. २००१ साली लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती फार कमी आहे म्हणून महिना ३,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३६,००० केली. आणि साठीच्या पुढच्या म्हाताऱ्यांची? वर्षाला २०,०००. हा आकडा लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

पुढे २०१० साली न्या. गांगुली यांनी अरुणकुमार अगरवाल खटल्यात एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या कोट्यवधी बायका ‘काम न करणाऱ्या’ म्हणून भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या रांगेत बसवल्या होत्या. आणि २०२१ च्या जानेवारीत कीर्ती खटल्यात न्या. रमणा यांनी स्वतंत्र टिपण लिहून तेच २९९ आणि ९७ मिनिटांचे आकडे पुढे ठेवले, गृहिणीचं मानीव उत्पन्न धरणं म्हणजे तिच्या श्रमाला मान्यता देणं आहे असं सांगितलं. दिल्लीत अपघातात गेलेल्या एका जोडप्याच्या लहान मुलींचा तो खटला. निकाल चांगले आहेत, आम्ही त्यांचं स्वागतच करतो. पण या कायद्यातली विसंगती डोळ्याआड कशी करायची? तिचं मोल तिच्या हाती कधीच पडत नाही. ते तिच्या माघारी, तिच्या मागे राहिलेल्यांच्या हाती पडतं. अर्थशास्त्रज्ञ पिगू शंभर वर्षांपूर्वी म्हणाला होता, एखाद्याने आपल्या पगारी मोलकरणीशी लग्न केलं की देशाचं उत्पन्न घटतं. आपल्या न्यायालयांनी त्यात भर घातली. ती वारली, की ते उत्पन्न पुन्हा दिसू लागतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. इथे आम्हाला थोडा वेळ थांबायचं आहे.

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, नगर, पलीकडे कर्नाटक. मुकादम उचल देतो ती माणसाला देत नाही, कोयत्याला देतो. आणि कोयता म्हणजे काय, हे परळीत सांगायची गरज नाही, पण बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. जगात कुठल्या हिशेबवहीत दोन जिवंत माणसांचं मिळून एक हत्यार झालेलं आम्ही वाचलेलं नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं ‘व्यक्ती’ ही संकल्पना शिकवली. लॉक, कांट, सगळे. आणि वर्गातली निम्मी मुलं अशा घरांतून आलेली, जिथे आईला सरकारदरबारी व्यक्ती म्हणतात आणि फडात अर्धं हत्यार.

या कोयत्यातली बाई पहाटे तीन-चारला कोपीत चूल पेटवते. पाणी लांबून आणते. भाकरी थापते. लेकरू सोबत असेल तर त्याला फडाच्या बांधावर झोळीत टाकते. मग तोडलेला ऊस साळायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. ट्रक रात्री आला तर रात्री. परत आल्यावर पुन्हा चूल. टनामागे मजुरी ठरते ती ऊस तोडण्या-भरण्याची. चूल, पाणी, झोळी यांचा टनात हिशेब नाही. पण ते नसेल तर दुसऱ्या दिवशी कोयता उभा राहील का? त्या माणसाच्या पोटात भाकर नसेल तर ऊस तुटेल का? साखरेच्या दरात सगळं धरलेलं असतं, बियाणं, खत, वीज, तोडणी, वाहतूक. ही भाकर तेवढी कोणी धरलेली नाही.

आणि यात आणखी एक माणूस आहे, जे फडात गेलेलंच नाही. गावात, वाडीवर, तांड्यावर राहिलेली म्हातारी. सहा महिने ती दोन-चार नातवंडं सांभाळते, त्यांना शाळेत घालवते, शेरडं बघते, दुखलं-खुपलं बघते. परळी तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरची सत्तरीची आजी कोल्हापूरच्या साखरेला अनुदान देते आहे, असं आम्ही म्हटलं तर कारखानदारांना हसू येईल. पण हिशेब मांडून बघा. ती नसेल तर एक तर लेकरं फडात जातील, शाळा सुटेल, नाहीतर आई घरी राहील आणि कोयता अर्धा होईल. काही ठिकाणी हंगामी वसतिगृहं आहेत, संत भगवानबाबांच्या नावाने शासनाने वसतिगृहाची योजनाही काढली, ते योग्यच आहे. तरी आजही बरीच गावं म्हातारीच्याच भरवशावर चालतात. आणि न्यायालयाने या वयाच्या बाईचे मघाशी किती धरले होते? वर्षाला वीस हजार. तरुण गृहिणीपेक्षा सोळा हजार कमी. जमशेदपूरच्या न्यायासाठी ते बरोबर असेल. बीडच्या तांड्यावर मात्र जास्तीत जास्त करणारी तीच असते.

२०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात. ते कामाचा मोबदला म्हणून दिलेले नाहीत, हे नीट समजून घेऊ. योजनेचं वय २१ ते ६५. पासष्टीनंतर निवृत्तिवेतनाच्या वेगळ्या योजना आहेत, मान्य. पण त्या तिच्या वयाला आणि गरिबीला दिलेल्या आहेत. चार नातवंडं ती सांभाळते, याची नोंद ना या योजनेत आहे ना त्या.

आता जे बोलायला जड जातं ते बोलतो. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली. तीन वर्षांत खाजगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं विधिमंडळात सांगितलं गेलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास सतरा. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या.

त्या वेळी चर्चा मुख्यतः डॉक्टरांवर झाली. कर्करोगाची भीती घालून पिशवी काढली, पैसे उकळले, वगैरे. ती चौकशी व्हायलाच हवी होती. पण त्या चर्चेवर आमचा एक आक्षेप आहे. ती शस्त्रक्रियेपाशी सुरू झाली आणि शस्त्रक्रियेपाशीच संपली. बाई तिथवर का आली? फडात आडोसा नाही, पाणी नाही. पाळीत, दुखण्यात एक दिवस बसली तर खाडा. खाड्याचा दंड कोयत्याला, म्हणजे नवऱ्यासकट दोघांना. उचल फिटत नाही. एवढ्या हिशेबात काटकसर करायला तिच्याकडे एकच जागा उरली होती, तिचं शरीर. आणि दुसरा प्रश्न तर कोणी विचारलाच नाही. टाके पडल्यावर ती घरी आली, तेव्हा तिचं कोणी केलं? सगळ्या घराचं करणारी खाटेवर पडली, की ते क्रियापद कोणाकडे जातं? बहुतेक वेळा तिच्या आईकडे, नाहीतर तेरा-चौदा वर्षांच्या लेकीकडे. लेकीची शाळा तिथे सुटते. हे कुठल्याच पाहणीच्या रकान्यात नाही.

अमेरिकेतल्या तत्त्वज्ञ इव्हा किटे यांनी १९९९ साली ‘लव्ह्ज लेबर’ हे पुस्तक लिहिलं. त्यांची मुलगी गंभीर अपंगत्व घेऊन जन्मलेली, त्यामुळे त्या जे लिहितात ते अनुभवाचं आहे. त्यांचा प्रश्न असा, की करणाऱ्याचं कोण करतं? समतेच्या सगळ्या सिद्धान्तांत धडधाकट, मोकळी माणसं करार करायला बसलेली असतात. कोणाला तरी सांभाळत असलेलं माणूस त्या टेबलापाशी पोचतच नाही. म्हणून किटे म्हणतात, बाळंतिणीची जशी कोणी काळजी घेतं, तशी समाजाने सांभाळणाऱ्याची काळजी घ्यावी. वाचताना आम्हाला वाटलं, अहो, हे तर आपलं माहेर! पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. ती बाळाचं करते, आई तिचं करते. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सव्वा महिना. ही रीत काढणाऱ्यांना किटेंचा सिद्धान्त ठाऊक होता म्हणायला हरकत नाही. फक्त त्याची मुदत सव्वा महिना ठेवली, आणि सगळा भार पुन्हा एका बाईवर, म्हणजे आईवरच टाकला. किटे तो समाजावर टाकायला सांगतात. फरक आहे तो इथे.

सरकारने हा भार उचललाच नाही असं नाही. १९७५ पासून अंगणवाडी आहे, २००५ पासून आशा. पण नावं बघा. अंगणवाडी ‘सेविका’. आशा ‘स्वयंसेविका’. मिळतं ते वेतन नाही, ‘मानधन’. मान आधी, धन नंतर, आणि धन थोडं. म्हणजे घरातलं काम सरकारने उचललं तेव्हा घरातली भाषाही सोबत उचलून आणली. सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावं लागलं, की अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे.

मग आमचं म्हणणं काय, सगळ्याची मजुरी लावा? १९७२ पासून युरोपात ‘घरकामाला वेतन’ ही चळवळ चालली. तिच्या मागणीपेक्षा तिचा प्रश्न आम्हाला मोलाचा वाटतो. आमच्या मते आधी वहीत नाव यावं. उचलीचा करार दोघांच्या नावाने व्हावा, मजुरी दोघांच्या खात्यांत वेगवेगळी जावी. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलं आहे. त्यातला हिस्सा गावात लेकरं सांभाळणाऱ्या म्हातारीच्या नावाने का निघू नये? आणि खाडा हा शब्द बाळंतपण, पाळी आणि आजारपण यांना लागू होऊ नये. एवढं झालं तरी ‘कोयता’ या शब्दाचे दोन तुकडे होतील, आणि दोन्ही तुकडे माणसं असतील.

जाता जाता एक. इथून जवळच गोदाकाठी गंगाखेड आहे, जनाबाईंचं गाव. नामदेवांच्या घरी त्या दासी होत्या. दळण, कांडण, झाडलोट, शेण्या वेचणं, सगळं त्यांच्याकडे. परंपरा सांगते, विठ्ठल त्यांच्यासोबत दळायला बसे, धुणं धुवायला जाई, त्यांच्या डोक्यातल्या उवा काढी. कीर्तनकार यातून भक्तीचा महिमा सांगतात आणि तो आहेच. पण इतकी शतकं ऐकूनही एक गोष्ट कोणाला खटकली नाही. एका मोलकरणीच्या जात्याला दुसरा हात लागावा म्हणून प्रत्यक्ष पांडुरंगाला विटेवरून उतरावं लागलं. त्या भरल्या घरातलं दुसरं कोणी उठल्याचं ऐकिवात नाही.

एक चिठ्ठी आली आहे. बहुधा एखाद्या तरुणाची असावी, अक्षर घाईचं आहे. ‘सर, मी घरी आईला मदत करतो. त्याचं मूल्य कसं धरायचं?’ तुम्ही करता हे फार चांगलं आहे. पण ‘मदत’ हा शब्द तेवढा सोडा. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. दुष्काळात सरकार मदत करतं, शेजारी मदत करतात. ज्या घरात तुम्ही जेवता, झोपता, तिथलं काम दुसऱ्याचं कसं? आणि उद्या आई आजारी पडली आणि कोणी विचारलं, ‘आईचं कोण करतं?’, तर ‘मी करतो’ म्हणा. पुढे विचारलं, ‘काय करतोस?’, तर सगळं सांगा, एकेक काम, वेळेसकट.